गरुड चोच फोडून घेत नाही

गेल्या वर्षी राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत माझा भाचा 4 गुणांनी मागे राहिला. निकालाच्या रात्री घरच्या ग्रुपवर कुणीतरी त्याच्यासाठी गरुडाचा तो मेसेज टाकला. तुम्हालाही कधी ना कधी आलाच असेल. गरुड 70 वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं निकामी होतात, पिसं जड होतात. मग तो एकटाच उंच कड्यावर जातो आणि खडकावर आपटून चोच फोडतो. नवी चोच आली की तिनं नखं उपटतो, नवी नखं आली की पिसं उपटतो. 150 दिवस यातना सोसल्या की आणखी 30 वर्षांचं आयुष्य मिळतं. आमच्याकडे आलेल्या मेसेजला एक शेपूटही होतं: तुम्हीही जुनं सगळं तोडा, एकटे व्हा, मोठं ध्येय ठरवा, 21 दिवसांत नवा माणूस व्हाल.

भाच्यानं ते मनावर घेतलं. अभ्यासिकेतल्या मित्रांचा ग्रुप सोडला, मेस बंद केली, खोली बदलली, 14 तासांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. दीड महिन्यानं ताई त्याला आणायला पुण्याला गेली, तेव्हा पोरगा निम्मा झाला होता आणि पुस्तक उघडलं की त्याचे हात थरथरत होते. मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण त्यातलं जवळजवळ काहीच खरं नाही, आणि ते एकदा नीट सांगायला हवं.

आयुष्यापासून सुरू करू. रानातला मोठा गरुड जगून जगून 20 ते 30 वर्षं जगतो. अमेरिकेत 1977 साली पिल्लू असताना पायात कडी घातलेला एक बाल्ड ईगल (पांढऱ्या डोक्याचा अमेरिकी गरुड) 2015 साली न्यूयॉर्क राज्यात गाडीच्या धडकेनं मेला. तो 38 वर्षांचा होता आणि कडीमुळे वय नक्की ठाऊक असलेल्या तिथल्या रानातल्या बाल्ड ईगलमध्ये तेव्हा सर्वांत म्हातारा ठरला. चाळिशीत मोठा निर्णय घ्यायला गरुड मुळात उरतच नाही.

आता चोच. तिच्या आत हाड असतं आणि वरून आपल्या नखांसारख्याच केराटिनचं आवरण. हे आवरण जन्मभर वाढत राहतं आणि खाताना, फांदीवर-दगडावर घासताना झिजत राहतं. म्हणजे नूतनीकरण रोजच चाललेलं असतं, त्यासाठी कडा गाठावा लागत नाही. चोच खरोखर तुटली तर काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. 2005 साली अलास्कात एक बाल्ड ईगल मादी सापडली. गोळी लागून तिच्या चोचीचा वरचा भाग उडाला होता आणि ती उपासमारीनं मरायला टेकली होती. तिला धड खाता येत नव्हतं, पाणी पिता येत नव्हतं, पिसं साफ करता येत नव्हती. माणसांनी तिला हातानं भरवून जगवलं. 2008 साली आयडाहोत एका अभियंत्यानं दंतवैद्य आणि पशुवैद्यांच्या मदतीनं तिला कृत्रिम चोच बसवली. तिचं नाव ब्यूटी. चोच तुटलेल्या गरुडाची खरी गोष्ट ही आहे, आणि तिच्यात एकांत कुठेच नाही. आपल्या ग्रुपांवर फिरायचीच तर ही गोष्ट फिरायला हवी होती.

चोच नाही म्हणजे शिकार फाडता येत नाही. 150 दिवस म्हणजे 5 महिने. इतके दिवस उपाशी राहून कुठलाही गरुड जगत नाही.

पिसांबद्दल मात्र थोडं थांबून सांगावंसं वाटतं. गरुड पिसं उपटत नाही, ती गळतात. एकदम नाही, थोडी थोडी. उड्डाणाची पिसं दोन्ही पंखांतून साधारण जोडीजोडीनं गळतात, म्हणजे तोल जात नाही. नवं पीस भरत आलं की पुढचं गळतं. मोठ्या गरुडांचा सगळा पिसारा बदलायला वर्षाहून जास्त काळ लागतो, आणि या काळात तो शिकार करतो, पिल्लं वाढवतो. सह्याद्रीत गडावर बसलात आणि वर सर्पगरुड घिरट्या घालताना दिसला तर दुर्बिणीतून त्याचे पंख बघा. कधी कधी एकेका पिसाची फट दिसते, तिच्यातून आभाळ दिसतं. तरी तो उडतच असतो.

आता माणसाकडे येतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. कणखर व्हायचं तर एकटं पडावं लागतं, असं हा मेसेज सांगतो. हवाईच्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातले तंटे, आईबापांचे आजार किंवा व्यसनं यांत वाढत होती. अशा मुलांपैकीही एक तृतीयांश पुढे स्वतःच्या पायावर उभी राहिली, दुसऱ्यांची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा आढळलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचं किमान एक माणूस: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. माझ्या भाच्यानं सगळ्यात आधी नेमकी तीच माणसं तोडली होती, आणि ती तोडायला आम्हीच त्याला सांगितलं होतं.

21 दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सगळं आयुष्य आलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या रोजच्या नव्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडायचा मध्यक 66 दिवस निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले, आणि माणसामाणसांत अंतर 18 पासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

मोठं ध्येय ठेवायला माझी हरकत नाही. पण ‘अधिकारी होणारच’ हे भिंतीवर लिहिल्यानं सकाळी सातला काय करायचं ते कळत नाही. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं ‘असं झालं की मी तसं करीन’ या साच्यातल्या योजनांवर बरंच काम केलं आहे. वेळ, जागा आणि कृती आधीच बांधून ठेवली की ती हातून घडण्याची शक्यता वाढते, असं त्यावरच्या अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

‘अहो, रूपक आहे, शब्दशः कशाला घेता?’ असं मला ग्रुपवर ऐकवलं गेलं. पंचतंत्रातला कावळा बोलतो, तो खराच बोलतो असं कुणी मानत नाही. हा मेसेज मात्र निसर्गातलं सत्य म्हणून येतो, आणि हरलेल्या मुलाला पहिली गोष्ट सांगतो ती स्वतःला जखमी करून घेण्याची. असं रूपक मला नको. घरात कुणी असं मिटून बसलं असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. शासनाची टेली मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

भाचा 3 महिने घरी होता. आता पुन्हा पुण्यात आहे, जुन्याच अभ्यासिकेत, जुन्याच मित्रांच्या शेजारच्या टेबलावर. भिंतीवरचं वेळापत्रक गेलं. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच आहे: ‘सकाळचा चहा झाला की सीसॅटचे 2 उतारे. रात्री जेवण झालं की आईला फोन.’ (सीसॅट म्हणजे पूर्व परीक्षेतला कल चाचणीचा पेपर.) गणपतीत 5 दिवस उतारे झाले नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी त्यानं मला सोडवलेल्या पानाचा फोटो पाठवला.