‘माए नि’ असताना ‘साकिदात्ते’ कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘नि साकिदात्ते’ या ‘-पूर्वी’ अशा अर्थाच्या औपचारिक जपानी शब्दप्रयोगावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिथेच दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून वेगळं लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगते. तुम्ही आठ वर्षं नागोयात नोकरी करता. तुमच्या मते ‘आधी’ म्हणायला ‘माए नि’ हा जपानीतला रोजचा शब्दप्रयोग पुरतो. ‘साकिदात्ते’ हा परीक्षेपुरता पाठ करून विसरून जायचा शब्द आहे, ऑफिसात तसं कुणी बोलत नाही, आणि अशा बारकाव्यांनी मी मुलांना उगाच घाबरवते. दुसरं, ‘साकिदात्ते फक्त माणसांनी ठरवून केलेल्या तयारीसाठी वापरतात’ असं मी लिहिलं होतं. तुम्ही ज्वालामुखीच्या बातमीतलं एक वाक्य समोर ठेवून तो नियम खोडून काढलात. तिसरं, ‘साकिदात्ते’ समजावताना मी दिलेलं नाटकाच्या नांदीचं उदाहरण तुम्हाला ओढूनताणून आणलेलं वाटलं. आणि जाता जाता विचारलंत की पुढच्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या लग्नात कान्पाइच्या, म्हणजे पेले उंचावून शुभेच्छा देण्याच्या, वेळी चार शब्द बोलायचे आहेत, तिथे तरी हे व्याकरण कामी येतं का.

ज्वालामुखीपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं.

तुम्ही दिलेलं वाक्य असं: ‘फुन्का नि साकिदाचि, काझानसेइ जिशिन गा झोका शिता.’ उद्रेकापूर्वी ज्वालामुखीशी संबंधित भूकंप वाढले. (‘साकिदाचि’, ‘साकिदात्सु’ ही ‘साकिदात्ते’चीच रूपं.) इथे ना कुणी तयारी केली, ना कुणी कार्यक्रम ठरवला. तरी वाक्य अगदी शुद्ध आहे आणि जपानी वर्तमानपत्रात नेहमी दिसणाऱ्या धाटणीचं आहे. शिकवताना मी वर्षानुवर्षं उद्घाटनं, लग्नं आणि परिषदा यांचीच उदाहरणं देत आले, आणि उदाहरणांवरून नियम ठरवून बसले. मूळ लेखातलं ते वाक्य मी काल काढलं.

पण तुमच्याच उदाहरणाने मला या शब्दाचं मर्म जास्त स्पष्ट दिसलं. होक्काइदोतल्या उसु ज्वालामुखीचंच घ्या. 2000 सालच्या मार्च महिन्यात तिथे भूकंपाचे धक्के वाढत गेले. ते ओळखून 10,000 हून जास्त लोकांना आधीच हलवलं गेलं, आणि 31 मार्चला उद्रेक झाला तेव्हा एकही माणूस दगावला नाही. त्या धक्क्यांना ‘फुन्का नि साकिदात्सु जिशिन’, म्हणजे उद्रेकापूर्वीचे भूकंप, असं म्हणता येतं. त्याच सकाळी गावात कुणी भात खाल्ला असेल, तर तो भातही उद्रेकाच्या आधीचाच. पण त्याला ‘साकिदात्ते’ लागत नाही. भात आणि उद्रेक यांचा एकमेकांशी संबंध फक्त घड्याळापुरता. धक्के मात्र त्या उद्रेकाचेच होते.

म्हणजे माणूस की निसर्ग, हा प्रश्नच नाही. आधी घडलेली गोष्ट पुढच्या मोठ्या घटनेशी बांधलेली आहे की नाही, एवढंच पाहायचं. हे मी आधीच असं मांडायला हवं होतं.

आता तुमचा पहिला मुद्दा. इथे मात्र मी मागे हटणार नाही, कारण ‘माए नि’ने भागत नाही हे मी एका कागदावर पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी चाकणजवळ एका जपानी कारखान्याच्या उद्घाटनाचं दुभाषाचं काम माझ्याकडे होतं. कार्यक्रमपत्रिका मीच जपानीत लिहिली. त्यात दोन ओळी होत्या. एक: उद्घाटनाच्या आधी आवारात वृक्षारोपण. दुसरी, खाली बारीक अक्षरात: उद्घाटनाच्या आधी पाहुण्यांसाठी तंबूत चहा. दोन्हीकडे मी ‘काइशोशिकि नो माए नि’ लिहिलं होतं. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, मला काही खटकलं नाही. मसुदा तपासायला एका वयस्कर जपानी अधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी पेन्सिल घेतली, वृक्षारोपणाच्या ओळीतल्या ‘नो माए नि’वर एक पुसटशी रेघ ओढली आणि बाजूला नीट अक्षरात ‘नि साकिदाचि’ लिहिलं. चहाच्या ओळीवरूनही त्यांची पेन्सिल सरकत गेली, पण तिथे थांबली नाही. कागद परत देताना ते काही बोलले नाहीत. मी तो कागद जपून ठेवला आहे.

दोन्ही गोष्टी त्याच समारंभाच्या आधीच्या, जवळपास एकाच वेळच्या. पण झाड लावणं उद्घाटनाच्या नावाने होणार होतं. चहा होणार होता कारण लोक लांबून आले होते आणि ऊन होतं. ‘माए नि’ने दोन्ही ओळी एका रांगेत बसल्या असत्या, आणि झाड लावायला उभ्या राहिलेल्या माणसाला आपण काय करतोय त्याचं वजन त्या कागदावर कुठेच दिसलं नसतं.

मराठीत आपण असा फरक करत नाही, असं तुम्ही लिहिलंत. करतो की. कुठल्याही सभागृहात जाऊन सूत्रसंचालन ऐका. ‘यानंतर प्रमुख पाहुण्यांचं मनोगत होईल. तत्पूर्वी मी विनंती करते की…’ हा ‘तत्पूर्वी’ माइकसमोरच तोंडात येतो. घरी कुणी म्हणतं का, ‘जेवायला बसा, तत्पूर्वी हात धुवा’? हात धुण्याला ‘आधी’ पुरतो. जपानीतही ‘शोकुजि नि साकिदात्ते ते ओ आराउ’ असं म्हटलं तर ऐकणारा चमकून बघेल. तिथे ‘शोकुजि नो माए नि’च हवं. पण तेच जेवण एखाद्या समारंभातलं असेल आणि मुख्य आचारी पुढे येऊन दोन शब्द बोलणार असेल, तर ‘ओशोकुजि नि साकिदाचिमाशिते’ अगदी शोभतं.

उलट बाजूनेही बघा. ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं’ हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य. त्यातला ‘आधी’ जपानीत नेताना एकदा एका विद्यार्थिनीने ‘साकिदात्ते’ वापरलं. प्रसंग मोठा, दोन्हीकडे लग्न हा शब्द, म्हणून तिला ते योग्य वाटलं. पण कोंढाणा घेणं ही रायबाच्या लग्नाची तयारी नव्हे. तिथला ‘आधी’ अग्रक्रमाचा आहे, एक गोष्ट मागे सारून दुसरी पुढे आणण्याचा. जपानीत त्याला ‘योरि साकि नि’ लागेल. आणि रायबाच्याच लग्नाआधीची मुहूर्तमेढ किंवा सीमांतपूजन सांगायचं असेल, तर तिथे ‘साकिदात्ते’ हवंच. आपल्या एका ‘आधी’च्या पोटात हे सगळे अर्थ राहतात. म्हणूनच मराठी विद्यार्थ्याला ते वेगळे करून दाखवावे लागतात. मी मुलांना घाबरवते असं तुम्हाला वाटलं याचं वाईट वाटलं. पण दाखवलं नाही तर ती बिचारी पर्यायांतून चाचपडत निवड करत राहतात.

नांदीबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. संगीत नाटकाची नांदी प्रयोगाचाच भाग असते, प्रयोगाबाहेर उभी नसते. जास्त चपखल ठरली असती ती पडदा उघडण्याआधीची घोषणा. जपानी नाट्यगृहात दिवे मंदावण्याआधी एक शांत आवाज येतो: ‘काइएन नि साकिदाचिमाशिते, ओक्याकुसामा नि ओनेगाइ मोशिआगेमासु.’ प्रयोग सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांना विनंती, मग फोन बंद ठेवण्याविषयी, चित्रण न करण्याविषयी. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी पर्स उघडली, फोन बंद केला, पर्स मिटली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या. आवाज थांबायच्या आत सगळी रांग तशीच बसली होती. आठ वर्षांत तुम्ही सिनेमाला, नाटकाला, मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमाला गेला असालच. तुम्ही हे ऐकलं आहे. ऑफिसचा मेलही शोधून बघा. ‘काइगि नि साकिदाचि, शिर्यो ओ ओओकुरि शिमासु’, म्हणजे बैठकीपूर्वी कागदपत्रं पाठवत आहे, अशा ओळीचा एखादा मेल सापडेलच. चहाच्या यंत्रापाशी कुणी असं बोलत नाही, हे तुमचं खरं आहे. पण तिथे बोलत नाहीत म्हणून तो शब्द मेलेला ठरत नाही.

शब्दाच्या पोटात काय आहे तेही सांगते, मूळ लेखात जागा नव्हती. ‘साकि’ म्हणजे पुढचं टोक, पुढे. ‘तात्सु’ म्हणजे उभं राहणं. जोडताना ‘त’चा ‘द’ होतो. साकिदात्सु, पुढे होणं. हेच क्रियापद मृत्यूसाठीही वापरतात. ‘त्सुमा नि साकिदातारेता’: बायको आधी गेली, आणि मागे राहिल्याचं दुःख बोलणाऱ्याच्या वाट्याला आलं. रूप कर्मणी आहे, पण दुसऱ्याचं जाणं आपल्याला सोसावं लागलं असा त्याचा भाव. आपणही म्हणतो ना, ‘ती पुढे गेली’. दोघं एकाच वाटेवरचे, म्हणून एक पुढे आणि एक मागे. घराचं बांधकाम सुरू होण्याआधी जपानात जिचिनसाइ, म्हणजे आपल्या भूमिपूजनासारखा विधी, करतात. चार कोपऱ्यांना हिरवे बांबू, त्यांना ताणून बांधलेला शिमेनावा दोर, मधे वेदी, आणि वाळूच्या छोट्या ढिगात कुदळीचा पहिला घाव. बातमीत ‘चाक्को नि साकिदाचि, जिचिनसाइ गा ओकोनावारेता’, म्हणजे बांधकाम सुरू होण्यापूर्वी जिचिनसाइ झाला, असं छापतात. ती कुदळ आणि नंतर येणारं यंत्र एकाच वाटेवरचे आहेत.

रूपांबद्दल विचारलं होतंत, ते झटपट. नामाला थेट जोडायचं, मधे ‘नो’ घालायचा नाही. ‘नो माए नि’च्या सवयीने आपली मुलं तो हमखास घालतात. क्रियापद असेल तर कोशातलं रूप, भूतकाळी नाही. नामाच्या आधी ‘साकिदात्सु’, लेखी मजकुरात ‘साकिदाचि’, माइकवर ‘साकिदाचिमाशिते’. याच्या जवळचे आणखी दोन शब्दप्रयोग आहेत. ‘नि आतात्ते’ त्या प्रसंगाच्या निमित्ताने मनाशी काय धरलं, काय करायचं ठरवलं, त्याकडे झुकतं, आणि सहसा चांगल्या प्रसंगी येतं. ‘नि साइशिते’ संकटाच्या वेळीही चालतं. जपानी भाषेच्या एन-2 पातळीच्या परीक्षेच्या तयारीत हे तिन्ही शेजारी येतात, तेव्हा ‘पुढची गोष्ट अजून व्हायची आहे का’ एवढं विचारलं की ‘साकिदात्ते’ बरंचसं वेगळं काढता येतं.

आता तुमच्या सहकाऱ्याचं लग्न. हो, तिथे हे नक्की कामी येईल. पेले उंचावण्याआधीचे चार शब्द ज्याला बोलायचे असतात, तो बहुतेक असंच सुरू करतो: ‘कान्पाइ नि साकिदाचिमाशिते, हितोकोतो गोआइसात्सु ओ मोशिआगेमासु’, म्हणजे कान्पाइपूर्वी दोन शब्द बोलतो. हे वाक्य पाठ करा, पण ‘कान्पाइ’ हा शब्द संथ आणि खालच्या स्वरात घ्या. चाकणच्या त्या संध्याकाळी मराठी पाहुण्यांना तेवढा एकच जपानी शब्द माहीत होता. तो कानावर पडताच त्यांनी ग्लास ओठाला लावले, आणि भाषण तर अजून सुरू व्हायचं होतं. तुमच्या समोरही सगळे ग्लास हातात धरून थांबलेले असतील. म्हणून जोडप्याविषयी तुम्हाला स्वतःला आठवणारी एकच गोष्ट सांगा, दीड-दोन मिनिटांत आटपा, आणि मग मोठ्याने ‘कान्पाइ’ म्हणा. मसुदा लिहून झाला की इथेच खाली टाका, मी बघून देईन.