सात वर्षं मोजायची सोपी पद्धत

तुमच्या मुलीने, बहिणीने किंवा माझ्यासारखं तुम्ही स्वतःच परदेशी माणसाशी लग्न केलं असेल, आणि आता त्याला भारताचं नागरिकत्व मिळवून द्यायचं मनात असेल, तर आधी अभिनंदन. आणि लगेच पहिला सल्ला, कायदा अजिबात वाचू नका. 1955 चा नागरिकत्व कायदा नेटवर फुकट मिळतो, त्यातलं आपल्या कामाचं कलम 5 मुलुंडहून स्लो लोकल पकडली तर दादर यायच्या आत वाचून होतं. पण तुम्ही वाचलंत तर मग बाकीच्यांनी काय करायचं? त्यांना सल्ले द्यायचे असतात ना.

लग्नाच्या वाटेने नागरिकत्व मागायचं तर सात वर्षं लागतात, ती मोजायला सुरुवात लग्नाच्या तारखेपासून करा. सगळे तसंच करतात. आमचं लग्न डिसेंबर 2015 मध्ये बांद्र्याला रजिस्टर झालं, म्हणून आमच्या मोठ्या मामांनी डिसेंबर 2022 पासून प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशाला आणि एकदा तर चक्क दहाव्याला मला बाजूला घेऊन विचारलंय, "सात वर्षं झाली ना गं, मग अडलंय कुठे?" अडलंय असं मामा, की ती सात वर्षं संसाराची नसतात, भारतात राहिल्याची असतात. लग्नानंतर पावणेदोन वर्षं आम्ही पोलंडमध्ये क्राकोला होतो, नवरा इथे राहायला आला सप्टेंबर 2017 मध्ये. "पण लग्न तर आधीच झालेलं ना?" हो मामा. "मग?" मग काही नाही, वरणभात घ्या.

आधार कार्ड असेल तर प्रश्नच मिटला. आमच्या सोसायटीत तरी मिटलेला आहे. वर्षात 182 दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळतं आणि तो नागरिकत्वाचा पुरावा नसतो हे मी सांगायचं सोडून दिलंय.

आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असेल तर दुप्पट मिटला, कारण ते पासपोर्टसारखं दिसतं. रजिस्टर केलेलं लग्न दोन वर्षं टिकलं की जोडीदाराला ते मागता येतं. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन नाही. पण माझा चुलतभाऊ दर मे महिन्यात गुहागरहून फोन करतो, "ताई, वाडी स्वस्तात मिळतेय, भावोजींच्या नावावर घेऊन टाक." अरे बाळा, भावोजी उद्या भारतीय झाले तरी शेतकरी असल्याचा दाखला कुठून आणणार, क्राकोच्या तलाठ्याकडून?

न्यूजर्सीतल्या नातेवाइकांना आवर्जून विचारा. ते सांगतील की "आमच्याकडे तीन वर्षांत होतं." तीन वर्षं ग्रीन कार्ड मिळाल्यापासून, तीही अमेरिकन नवऱ्यासोबत किंवा बायकोसोबत राहत असाल तर, नाहीतर पाच. हा शेपटाचा भाग व्हॉट्सॅपवर गळतो.

सोनिया गांधींचं उदाहरण चर्चेत नक्की काढा. लग्न 1968, नागरिकत्व 1983. यानंतर तुमचा विषय त्या दिवसापुरता संपतो.

जावई मराठी बोलतो का याची परीक्षा घेत राहा. त्याला 'टिळक' म्हणायला लावा, तो 'टिलक' म्हणतो, सगळे हसतात, मग म्हणतात, असं बोललास तर कसं देणार तुला नागरिकत्व. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा यायला हवी ही अट ज्याचं इथे कुणीच नाही त्या नॅचरलायझेशनवाल्याला आहे. लग्नाच्या वाटेने जाणाऱ्याला भाषेची अटच नाही. तरीपण तो बिचारा आठ वर्षं 'ळ'ची प्रॅक्टिस करतोय. पोलिश लोकांविषयी बोलायचंच असेल तर कोल्हापूरच्या वळिवड्याला 1943 ते 48 मध्ये पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते हे त्याला सांगा, त्याने ते आत्तापर्यंत फक्त साठ-सत्तर वेळाच ऐकलंय.

एक गोष्ट मात्र मला खरंच आवडते. मूळ 1955 च्या कायद्यात या कलमात 'स्त्रिया' असंच लिहिलेलं होतं. म्हणजे भारतीय पुरुषाने परदेशी बायको आणली तर या, बसा, चहा घ्या. भारतीय बाईने परदेशी नवरा आणला तर तो कायद्याला दिसतच नव्हता. 1986 मध्ये 'स्त्रिया'च्या जागी 'व्यक्ती' आलं आणि पाच वर्षांची अट आली, 2003 च्या दुरुस्तीत पाचाची सात झाली. कायदा सुधारला हो. आमच्या मजल्यावर अजून 1955 चालू आहे, "घरजावई ना तुमचे?" असं मला दुधाच्या पिशव्या घेतानाही विचारतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. एजंट करा.

आम्ही केला. फोर्टात ऑफिस, एसी, भिंतीवर चार देशांचे झेंडे, पंधरा हजार ॲडव्हान्स. त्याने आमचे पासपोर्ट बोटाने ढकलून परत दिले आणि म्हणाला मॅडम टेन्शन नका घेऊ, सात वर्षं झाली की भरून टाकू. तरी मी आपली घरी जाऊन हिशोब करत बसले, कारण सवय. डायनिंग टेबलवर त्याचे दोन पासपोर्ट, बाबांचं पेपर वाचायचं भिंग, आणि खिळ्यावरून काढून आणलेली जुनी कालनिर्णयं. आमची आई कालनिर्णय टाकत नाही, त्यात दुधाचे आकडे असतात, आणि माझ्या नशिबाने जावई कधी गेला कधी आला तेही तिने बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एअरपोर्टचे दोन शिक्के इतके पुसट होते की 3 आहे की 8 ते आईच्या 'जावई आले, 2 लि.' वरून ठरवलं.

हिशोब असा असतो. अर्ज करायच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात. आणि त्याच्या मागच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं भारतात. सहा अधिक एक, झाली सात. मागची सहा तुकड्यातुकड्याने चालतात, शेवटचं एक वर्ष अखंड लागतं. बस. एवढंच आहे. त्यात आमची मागची सहा वर्षं कधीच भरली होती. मागच्या वर्षी मे महिन्यात नवरा आईवडिलांना भेटून आला, आणि आम्ही ठरवलं की आता एक वर्ष कुठेही जायचं नाही, या मे अखेरीला फॉर्म भरायचा.

जानेवारीत त्याच्या वडिलांना स्ट्रोक आला.

तिकीट काढायच्या आधी मी एजंटला फोन केला. आधी. रात्री साडेनऊला. म्हटलं बारा महिन्यांचं काय होईल, किती दिवस चालतात, तुम्ही सांगा तसं परतीचं तिकीट काढते. तो जेवत होता बहुतेक, चमच्याचा आवाज येत होता. म्हणाला, "अहो मॅडम, सात वर्षांचं ॲव्हरेज बघतात, जाऊ दे त्यांना, निवांत राहून येऊ दे."

20 जानेवारीला नवरा गेला. 4 फेब्रुवारीला सासरे गेले. मग त्याच्या आईची पेन्शनची कामं, बँक, घराचे कागद, आणि ती एकटी, म्हणून तो निवांत राहिला, आम्हाला सांगितलं होतं तसं, आणि 4 मार्चला परत आला. त्रेचाळीस दिवस.

मे मध्ये फॉर्म भरायला बसलो तेव्हा एजंटच्या हाताखालच्या मुलीने, वय असेल बावीस-तेवीस, पासपोर्ट उघडला, शिक्का बघितला आणि म्हणाली मॅडम हे तर तीसच्या वर गेलंय. कसलं तीस? तर कायद्यात आहे, कलम 5 चं पोटकलम 1अ, त्या बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट केंद्र सरकार देऊ शकतं, खास कारण असेल तर, ते कारण लेखी नोंदवून. तुकड्यातुकड्याने चालतात. पण तीस म्हणजे तीस. त्रेचाळीस नाही. मी म्हटलं मग ओसीआयच्या वाटेने जाऊ, पाच वर्षं कार्ड असलं की तीपण वाट आहे ना. आहे, ती म्हणाली, पण त्यालाही हेच बारा महिने. म्हणजे दोन्ही रस्ते फिरून त्याच बोळात येतात.

आणि साहेब? साहेबांनी खुर्ची वळवून काय म्हणावं? "असं होतं कधीकधी, फॅमिली इमर्जन्सी."

नाही. असं होत नाही कधीकधी. असं तुम्ही केलंत. तो गेलाच असता, बाप मरायला टेकला असताना कोण कॅलेंडर बघतं, मीच त्याला टॅक्सीत बसवलं असतं. पण मला तीस दिवस माहीत असते तर तो 18 फेब्रुवारीला परत आला असता, आणि उरलेल्या कामांना मी गेले असते, मी गेले असते तर मोजायला कुणी आलं नसतं, माझ्याकडे आहे पासपोर्ट भारताचा! सूट मिळाली असती की नाही ते सरकारने ठरवलं असतं, पण मागता तरी आली असती. तेरा दिवसांपायी एक वर्ष गेलं आणि ते तेरा दिवस तुमच्या चमच्याच्या आवाजात गेले. तुम्हाला माहीत नव्हतं तर म्हणायचं, मॅडम माहीत नाही, सकाळी बघून सांगतो. सहा शब्द. त्याचे पंधरा हजार घेतले असतेत तरी मी काही बोलले नसते.

आणि हे फक्त त्या एजंटला नाही. मामा, तुम्हालापण. पहिल्या मजल्यावरच्या काकू, तुम्हालापण. ज्यांनी तीन वर्षं 'अजून कसं नाही झालं' म्हणून डोकं खाल्लं, त्याच लोकांना मागच्या आठवड्यात कळलं की भारतीय व्हायचं तर पोलंडचं नागरिकत्व सोडावं लागतं, इथे दुहेरी चालत नाही, आणि तिकडचं सोडायलाही पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांची संमती लागते. तर आता म्हणे, "युरोपचा पासपोर्ट कोण सोडतं, येडा आहे का जावई?" माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, तो समोर असताना. त्याला कळतं हो मराठी. टिळक नीट म्हणता येत नाही, येडा बरोबर कळतं. त्याला इथे मत द्यायचंय, त्याच्या मुलीच्या शाळेसमोरच्या फुटपाथसाठी भांडताना 'तुम्ही कोण?' हे ऐकायचं नाहीये, एवढं साधं कारण आहे आणि ते तुम्हाला कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

तर नवी तारीख पुढच्या वर्षी मार्चनंतर. तोवर त्याने हलायचं नाही. 1 नोव्हेंबरला तिकडे सगळे कबरीवर मेणबत्त्या लावायला जातात, त्याच्या वडिलांच्या कबरीवरची ही पहिलीच. तीस दिवसांची सूट आहे, जाऊन ये चार दिवस, असं आईने सुचवलं. तो म्हणाला नको, परत कुणावर विश्वास ठेवायचा नाही. त्या दिवशी संध्याकाळी तो घरीच असेल. कुणी येणार असाल तर या, पण 'झालं का रे तुझं?' हे दारातूनच विचारलंत तर मी दार लावून घेणार आहे.