सीन फाइल नोटपॅडमध्ये उघडली म्हणून मिक्सर मरत नाही

साउंडवाल्यांच्या ग्रुपमध्ये परत तोच मेसेज फिरतोय. डिजिटल मिक्सरची सीन फाइल, म्हणजे सगळी सेटिंग्ज साठवलेली फाइल, कॉम्प्युटरवर उघडू नका, मिक्सर कायमचा बसतो, एडिट करायचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, एका कंपनीची फाइल दुसरीकडे चालत नाही आणि तसंही घरी बसून केलेलं सेटिंग हॉलमध्ये वायाच जातं. नवीन पोरं हे वाचून घाबरतात आणि मग तिसरी घंटा व्हायची वेळ आली तरी चॅनेलला, म्हणजे एकेका माइकच्या किंवा वाद्याच्या लाइनला, नावं देत बसतात, म्हणून सविस्तर लिहितोय. बेहरिंजर कंपनीचा एक्स-३२ मिक्सर धरून बोलतो, कारण नाटक-ऑर्केस्ट्राला मी तोच वापरतो.

मिक्सर बसतो हे साफ चूक. सीन फाइलमध्ये फक्त सेटिंग्ज असतात, मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, वेगळं, त्याला ही फाइल हातच लावत नाही. बिघडलंच काही तर जुना सीन परत लोड करायचा. आणि एक्स-३२ची फाइल म्हणजे साधं टेक्स्ट आहे हो, उघडून बघा एकदा. चॅनेलच्या कॉन्फिग ओळीत अवतरणचिन्हात नाव, मग आयकॉनचा नंबर, मग कलर, शेवटी सोर्स, म्हणजे आवाज कुठल्या इनपुटवरून घ्यायचा ते. फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, पूर्ण खाली असेल तर मायनस आणि पुढे दोन लहान इंग्रजी ओ, तिथे शून्य टाइप करू नका, शून्य डीबी म्हणजे आवाज बंद नव्हे, फेडर चांगलाच वर. पहिली हॅशवाली ओळ जशीच्या तशी ठेवा. आणि फाइल वर्डमध्ये एडिट करू नका, टाइप करताना वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतं, साधं नोटपॅडच घ्या. मूळ फाइलची कॉपी बाजूला ठेवायची हे वेगळं सांगायला नको.

विकतचं म्हणाल तर एक्स-३२ एडिट हे कंपनीचंच सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, मिक्सर जोडलेला नसला तरी सीन बनवता येतो.

दुसरीकडे चालत नाही हे मात्र अर्धं खरं. मिडास एम-३२ आणि एक्स-३२ एकाच घरातले, सीन इकडचा तिकडे जातो. यामाहाचा स्वतःचा कन्व्हर्टर आहे, एलएस-९ किंवा एम-७सीएल या त्यांच्या जुन्या मिक्सरची फाइल क्यूएल, सीएल या नंतरच्या मिक्सरना नेता येते, सगळं शंभर टक्के येत नाही पण नावं न् बरंच काही येतं. बेहरिंजरची फाइल थेट यामाहात टाकाल तर नाही चालणार, ते कबूल.

आता शेवटचा मुद्दा, घरचं सेटिंग वाया जातं हा, ज्यात लोक खरे फसतात. गेन, म्हणजे माइकचा आवाज आत येताना किती वाढवायचा ते, चॅनेलच्या ओळीत नसतोच, तो हेडअँपच्या (इनपुटवरच्या अँपच्या) वेगळ्या ओळीत असतो आणि तिथे मोजणी शून्यापासून. मिक्सरच्या मागच्या इनपुटांना ० ते ३१, पहिल्या एईएस-५० पोर्टवरचा (नेटवर्क केबलच्या जोडणीवरचा) स्टेजबॉक्स, म्हणजे रंगमंचावर ठेवायचा इनपुटांचा डबा, ३२ पासून पुढे. म्हणजे तुम्ही लोकल इनपुटवर बनवलेला सीन स्टेजबॉक्सवाल्या सेटअपला लोड केला तर तुमचा गेन तिथे पोचतच नाही, सोर्सही बदलावा लागतो, आणि लोक म्हणतात बघा, घरचं वाया गेलं. फँटम, म्हणजे काही माइकना मिक्सरकडून मिळणारी वीज, तोसुद्धा त्याच ओळीत असतो, त्यामुळे सीन लोड करताना मेन म्यूट ठेवा, नाहीतर स्पीकरमधून धाडकन येईल.

हॉलचा ईक्यू (आवाजाचा पोत जुळवणं), मॉनिटरची फीडबॅक, गायकाचा गेन हे घरी होत नाही, कुणी होतं म्हणतही नाही. पण नावं, कलर, पॅचिंग (कुठलं इनपुट कुठल्या चॅनेलला), डीसीए (एका फेडरवर अनेक चॅनेल), म्यूट ग्रुप (एका बटणावर अनेक चॅनेल बंद), लो-कट (खालची घरघर कापणं), रिव्हर्बचे सेंड (कुठल्या चॅनेलला किती घुमारा) हे सगळं होतं. मागे एका तालुक्याच्या गावी आधीचा कार्यक्रम लांबला आणि आम्हाला जेमतेम चाळीस मिनिटं मिळाली, ऑर्गन, तबला आणि नऊ कॉलर माइक, पेनड्राइव्ह लावला, सीन लोड केला, म्यूट ग्रुप तपासले आणि उरलेला सगळा वेळ एकेका नटाला उभं करून माइक ऐकण्यात घालवला. नॉब फिरवून एकेक अक्षर निवडत नावं टाकत बसलो असतो तर त्या नऊ जणांपैकी निम्म्यांचे माइक न ऐकताच पडदा उघडला असता.