‘हे तर नुसतं कॉन्स्टंट फोल्डिंग’ म्हणणाऱ्यांस

नमस्कार. पार्शल इव्हॅल्युएशन म्हणजे प्रोग्रामचं काही इनपुट आधीच ठाऊक असेल तर तेवढं काम आधीच उरकून, उरलेल्या इनपुटसाठी खास प्रोग्राम मागे ठेवणं; हे करणारा प्रोग्राम म्हणजे इव्हॅल्युएटर. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘हे तर नुसतं कॉन्स्टंट फोल्डिंग. जुन्याच गोष्टीचं नव्याने बारसं. इव्हॅल्युएटर थांबेल याची हमी काय, कोड किती फुगेल, यावर अवाक्षर नाही. आधी वाचा, मग लिहा.’ (कॉन्स्टंट फोल्डिंग म्हणजे ठाऊक आकड्यांचं गणित प्रोग्राम चालण्याआधीच करून ठेवणं.)

‘आधी वाचा’ हे कुणाला सांगताय? माझी उमेदीची वर्षं इंटरप्रिटरचा (प्रोग्राम एकेक सूचना वाचत चालवणाऱ्या प्रोग्रामचा) वेग वाढवण्यात गेली आहेत, रात्र रात्र प्रोफाइलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावून बसलोय. मतभेद असू द्या, पण हा मास्तरकीचा सूर आवरा.

एक मान्य: घाताचं उदाहरण घासून गुळगुळीत झालंय. पण तेच धड पाहिलं असतंत तर हे वाक्य लिहिलं नसतंत. घात(क्ष, न) असं फंक्शन घ्या. न शून्य असेल तर उत्तर १; सम असेल तर निम्म्या घाताचा वर्ग; विषम असेल तर क्ष × घात(क्ष, न − १). न ५ आहे हे ठाऊक, क्ष अज्ञात. फोल्डिंग २ + ३ चे ५ करून मोकळं होतं. इथे प्रत्येक अटीचा निकाल आधीच लावावा लागतो, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) उलगडावं लागतं आणि क्षला हात लागेल तिथे कोड मागे ठेवावा लागतो. उरतं काय? क्ष × वर्ग(वर्ग(क्ष × १)). अट नाही, रिकर्शन नाही. ते ‘× १’ पाहिलंत? तिथे तुमच्या फोल्डिंगचंही काही चालत नाही, कारण क्ष अज्ञात आहे. त्याला बीजगणिताचा वेगळा नियम लागतो.

इनलाइनिंग (फंक्शन बोलावण्याच्या जागी त्याचा कोडच घालणं) आणि लूप अनरोलिंग (लूपच्या फेऱ्या सलग लिहून काढणं) मिळून हेच करतात, असं आता म्हणाल. लहान फंक्शनपुरतं करतातही. पण नच्या जागी अख्खा प्रोग्राम ठेवा आणि घातच्या जागी इंटरप्रिटर. प्रोग्राम ठाऊक, त्याचं इनपुट अज्ञात. पुढची सूचना उचलायची, स्विचमध्ये ती ओळखायची, ही सगळी उठाठेव आधीच उरकते आणि मागे उरतो तो कंपाइल झालेला, म्हणजे इंटरप्रिटरशिवाय चालणारा, प्रोग्राम. योशिहिको फुतामुरांनी हे १९७१ साली मांडलं. पुढे जाऊन इव्हॅल्युएटरलाच इंटरप्रिटर हे ठाऊक इनपुट देऊन स्पेशलाइझ केलं की कंपायलर, म्हणजे कुठलाही प्रोग्राम असा कंपाइल करून देणारा प्रोग्राम, हाती येतो. कोपनहेगनच्या ‘मिक्स’ या प्रकल्पाने १९८० च्या दशकात इव्हॅल्युएटर स्वतःवरच चालवून दाखवला. ग्राल-ट्रफल ही इंटरप्रिटरपासून वेगवान कोड बनवणारी प्रणाली पहिल्या पायरीवरच, म्हणजे इंटरप्रिटर एका प्रोग्रामसाठी स्पेशलाइझ करण्यावरच, उभी आहे. नुसत्या फोल्डिंगमधून कंपायलर निघालेला मी तरी पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर कळवा, मी शिकायला तयार आहे.

थांबण्याचं म्हणाल तर, त्याच स्थिर (म्हणजे आधी ठाऊक) किमती पुन्हा आल्या की आधी बनवलेली आवृत्तीच वापरतात. त्याने दर वेळी भागत नाही, पण तो त्या लेखाचा विषय नव्हता. कोड फुगतो, हो, फुगतो. उलगडण्याला मर्यादा घालतात. त्यात काय एवढं?