‘अकरावी सोडा, सीईटी निघते’: त्या मेसेजचा हिशेब

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या क्लासच्या ग्रुपपासून गारगोटी, गडहिंग्लजच्या पालकांपर्यंत इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेबद्दल, म्हणजे सीईटीबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘सीईटीचा ८० टक्के पेपर बारावीवर, अकरावीला हात लावू नका. निगेटिव्ह नाही, उरलेल्या प्रश्नांना सरसकट सी मारा. २०० पैकी १५० म्हणजे ७५ पर्सेंटाइल. बोर्डाचे मार्क कोण बघतंय?’ पहिल्या दोन वाक्यांत अर्धं-पाव खरं आहे, म्हणून तो पटकन गळी उतरतो.

८०-२० हे प्रमाण बरोबर. पण पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) २०० मार्कांतले २० टक्के म्हणजे साधारण ४० मार्क आधीच सोडून दिले. आणि मोठा फटका बसतो तो बारावीच्याच प्रश्नांत. नमुना घ्या: साइन एक्स भागिले (साइन एक्स अधिक कॉस एक्स), शून्य ते पाय बाय टू इंटिग्रेट करायचंय. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातलं की साइनचा कॉस होतो आणि कॉसचा साइन. जुनं-नवं मिळवलं की वरखाली सारखंच, उरतो १. त्याचं इंटिग्रल पाय बाय टू, निम्मं केलं की पाय बाय फोर. दोन ओळींत उत्तर. धडा बारावीचा, पण साइनचा कॉस का झाला ते अकरावीच्या ट्रिगोनोमेट्रीत आहे. तेच कच्चं असलं की पोरगं टॅन एक्स बरोबर टी धरून पार्शल फ्रॅक्शनमध्ये पान भरत बसतं. गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद.

सगळी अकरावी करायची गरज नाही, हेही तितकंच खरं. सिलॅबसमध्ये तिचे निवडक धडेच असतात: गणितात सर्कल, लिमिट्स, कॉम्प्लेक्स नंबर्स, फिजिक्समध्ये लॉज ऑफ मोशन, ऑप्टिक्स, सेमीकंडक्टर वगैरे. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलची यादी काढून भिंतीला लावा.

आता ‘सी’. चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून रिकामं सोडण्यात शहाणपण नाहीच. पण डोळे झाकून मारलं तर चारात एक बरोबर. एककं तपासून, एक्स शून्य घालून दोन पर्याय खोडले तर दोनात एक. गणितात एका प्रश्नाला २ मार्क, तिथे खोडाखोडीला दुप्पट भाव. शिवाय फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न पहिल्या ९० मिनिटांत, प्रश्नाला जेमतेम ५४ सेकंद. वेळ संपली की तो भाग बंद. गणितात वाचलेली मिनिटं तिकडे नेता येत नाहीत. केमिस्ट्री आधी ३५ मिनिटांत, मग फिजिक्सला ५०, आणि शेवटची ५ उरलेल्यांवर क्लिक करायला राखून ठेवा.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. तुमच्या सत्रात २०,००० जण बसले आणि १९,००० जणांचे मार्क तुमच्याइतके किंवा कमी असले, तर तुम्ही ९५ पर्सेंटाइलवर. सत्र अवघड गेलं तर तेवढ्याच मार्कांना पर्सेंटाइल वर जातं. त्यामुळे गेल्या वर्षीच्या ‘१५० ला इतके’ छाप तक्त्यांचा अंदाजापलीकडे उपयोग नाही.

राहिलं बोर्ड. इंजिनिअरिंगची मेरिट सीईटीवर लागते, पण पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून ४५ टक्के लागतात, राज्यातल्या मागास प्रवर्गाला ४०. तेवढे नसतील तर ९८ पर्सेंटाइल घेऊनही घरीच बसावं लागेल.