डेटाबेसमधला नल (NULL) म्हणजे नेमकं काय, एकदाचं ठरवा!

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याचा स्टॉक मी सांभाळतो. डिझाइन नंबर, रंग आणि बॅच मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावलं होतं, म्हणजे हे तिन्ही सारखे असलेली ओळ दोनदा येऊ नये. तरी काल ४१२ नंबरचा पांढरा टॉवेल यादीत चार वेळा! दारात टेम्पो उभा, हमाल खोळंबलेले, मालक विचारतायत, "माल नेमका किती हाय ओ?" काय सांगू? चारही ओळींत बॅच रिकामी, म्हणजे नल. आणि पोस्टग्रेसच्या, म्हणजे आमच्या डेटाबेसच्या लेखी एक नल दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून चारही ओळी वेगळ्या!

मग ग्रुप बायनं ओळींचे गट करताना हेच नल एका गटात कसे बसतात? डुप्लिकेट गाळायला डिस्टिंक्ट लावलं की एकच ओळ कशी उरते? तिथं सारखे, इथं वेगळे. हा कुठला न्याय? मायएसक्यूएल, एसक्यूलाइट, या दुसऱ्या डेटाबेसांचंही तेच. एसक्यूएल सर्व्हरवर जावं, तर तिथं युनिक कॉलमात एकच नल चालतो. जीएसटी नंबर नसलेला दुसरा ग्राहक आला की एंट्री अडली! ओरॅकलची तऱ्हा तिसरीच: सगळे कॉलम रिकामे असले तर हव्या तेवढ्या ओळी घाला, एखादा भरलेला असला की डुप्लिकेट म्हणून अडवणार.

पोस्टग्रेसमध्ये 'नल्स नॉट डिस्टिंक्ट', म्हणजे युनिकमध्ये नल सारखे धरायची सोय, यायला २०२२ उजाडलं, १५ वी आवृत्ती. तेही आपण आठवणीनं लिहायचं! आमचा सर्व्हर अजून १३ वर. शेवटी रात्री बसून नलच्या जागी ठरलेली किंमत धरणारं कोअलेस घातलेला युनिक इंडेक्स केला. त्याआधी जुन्या ओळी एकेक करून जुळवल्या, गोदामात उभं राहून, गठ्ठे हातानं मोजत.