सर्व्हर बंद पडला म्हणजे बँक बुडाली, हे कोणी सांगितलं?

माझ्या आत्याने गेल्या बुधवारी साडेतीन लाखांची एफडी मोडली. मुदत संपायला ११ दिवस राहिले होते. का मोडलीस विचारलं, तर तिने फोन पुढे केला. सोमवारी रात्रीपासून मंगळवारी दुपारपर्यंत तिच्या बँकेचं अ‍ॅप आणि एटीएम बंद होतं. संध्याकाळी भजनी मंडळाच्या ग्रुपवर हे आलं: ‘तांत्रिक बिघाड हे बँकांचं ठरलेलं खोटं कारण आहे. एवढ्या मोठ्या बँकेचे कॉम्प्युटर आपोआप बंद पडूच शकत नाहीत. एक तर बँक हॅक झाली, नाहीतर पैसे संपले. म्हणूनच हे रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी करतात. अडकलेले पैसे परत मिळत नाहीत. आजच सगळे पैसे काढून घरी ठेवा.’

माझी ३१ वर्षं बँकेत गेली, त्यातली शेवटची ९ कॉम्प्युटर विभागात. हा मजकूर वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

‘आपोआप बंद पडूच शकत नाहीत.’ पडतात. कसे पडतात ते नीट समजून घ्या. तुम्ही दिवसभर काढलेले-भरलेले पैसे तुम्हाला लगेच दिसतात, पण बँकेचा दिवस रात्री बंद होतो. आम्ही त्याला डे-एंड म्हणायचो. दिवसाच्या नोंदी खात्यांवर चढतात, व्याज लागतं, हप्ते कापले जातात, पगाराच्या फायली जातात आणि शेवटी तारीख पुढे सरकते. शेकडो कामं एकापाठोपाठ एक चालतात आणि त्यांचा क्रम एक वेगळं सॉफ्टवेअर सांभाळतं. एक काम अडलं की त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी खोळंबतात. सकाळी शाखेत मॅनेजर येऊन बसतो, काउंटरसमोर रांग लागते आणि स्क्रीनवर तारीख कालचीच असते. मी अशा सकाळी पाहिल्या आहेत. तिजोरीत रोकड पुरेशी असते, पण कोणाच्या खात्यात किती आहे हे मशीन खात्रीने सांगू शकत नाही.

ब्रिटनमध्ये नेमकं हेच घडलं. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या गटात नॅटवेस्ट आणि अल्स्टर बँकही होत्या. १७ जून २०१२ रोजी त्यांनी रात्रीच्या कामांचं सॉफ्टवेअर बदलून नवी आवृत्ती घातली. गडबड दिसल्यावर नवी काढून जुनी परत बसवायचं ठरलं, पण काढल्यावर काय होईल याची चाचणी आधी केलीच नाही. नवी आणि जुनी आवृत्ती एकमेकींशी जुळत नव्हती. त्यापायी निदान ६५ लाख ग्राहकांची खाती विस्कटली. एटीएमवर शिल्लक चुकीची दिसू लागली, व्याज चुकीचं लागलं, घराचे हप्ते वेळेवर जाईनात, कंपन्यांना पगार करता येईनात, परदेशी गेलेले लोक रोकड नसताना अडकले. अल्स्टर बँकेची घडी बसायला जुलै उजाडला. तिथल्या दोन नियामक संस्थांनी चौकशी करून २० नोव्हेंबर २०१४ रोजी ५ कोटी ६० लाख पौंड दंड ठोठावला. त्यांच्या आदेशात कारण लिहिलंय ते न जुळणाऱ्या सॉफ्टवेअरचं आणि ढिसाळ कारभाराचं. हॅकर त्यात कुठेही नाही.

म्हणजे ‘तांत्रिक बिघाड’ म्हटलं की बँक सुटली, असं नाही. बिघाड खरा असतो आणि दोष बँकेचाच असतो. चाचणी का केली नाही, दुसरी यंत्रणा लगेच का उभी राहिली नाही, हे प्रश्न विचारायला हवेत. आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये डेटा सेंटरची, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या जागेची, वीज गेली आणि एचडीएफसी बँकेच्या सेवा बंद पडल्या. आधीच्या दोन वर्षांतही असे प्रकार झाले होते. तेव्हा रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबरला त्यांच्या नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवली. बँक बुडाली नव्हती, पण जाब विचारला गेला. ‘पैसे संपले’ अशी हूल उठली की लोक एटीएमकडे धावतात आणि जाब विचारायचा राहून जातो. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

‘हॅक झाली.’ कधीकधी हल्ला होतो, हे कबूल. जुलै २०२४ च्या अखेरीस छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे यंत्रणा अडवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला, सुमारे ३०० बँकांचे व्यवहार अडले आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय संस्थेने ते उघड सांगितलं. पण पुण्याची कॉसमॉस बँक आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचे सुमारे ९४ कोटी गेले, बहुतेक २८ देशांतल्या एटीएममधून. ती एटीएम चालू होती म्हणून तर पैसे निघाले. पैसे चोरणाऱ्याला यंत्रणा चालू लागते. सर्व्हर बँकेने नंतर स्वतःच बंद केले, पुढची चोरी थांबवायला.

‘पैसे संपले.’ २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्या दारात उभे राहिलेले लोक मी विसरलेलो नाही. येस बँकेवर निर्बंध आले त्या मार्च २०२० मध्ये तिच्यामार्फत चालणारं फोनपेही बंद पडलं होतं, हेही खरं. पण दोन्ही वेळा रिझर्व्ह बँकेचा जाहीर आदेश होता, किती रुपये काढता येतील तो आकडा लिहिलेला. निर्बंध असे जाहीर होतात. असा आदेश नसताना अ‍ॅप बंद पडलं, तर ते बँक बुडाल्याचं लक्षण नाही.

रात्री आणि सुट्टीच्या दिवशी का? डे-एंड रात्रीच चालतो, आणि सॉफ्टवेअरचे बदल त्या वेळी करतात, कारण गिऱ्हाईक कमी असतं. 

आता ‘घरी ठेवा’. आत्या शाखेत गेली. एफडी मोडली, रक्कम बचत खात्यात जमा झाली, पासबुकात नोंद छापली गेली आणि ५०० च्या सात गड्ड्या तिच्या हातात आल्या. हे सगळं आदल्या दिवशी बंद असलेल्या त्याच सर्व्हरने केलं. व्याजाचा दर दंड म्हणून एक टक्का कमी लागला. त्या गड्ड्या कापडी पिशवीत, वर मेथीची जुडी ठेवून, ७१ वर्षांची बाई बसने घरी घेऊन आली आणि गव्हाच्या कोठीत ठेवल्या. बँकेत एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून. कोठीतल्या पैशांना काय आहे? ज्याने हा मेसेज लिहिला त्याने त्या पिशवीचा विचार केला होता का?

अडकलेले पैसे परत मिळत नाहीत, हेही खोटं. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम कापली गेली, तर पाच दिवसांत ती परत यायला हवी. त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई, तीही तुम्ही न मागता, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. एटीएमची पावती किंवा मेसेज जपून ठेवा, भरपाई आली नाही तर लेखी तक्रार द्या आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.